परत आलेल्या अर्जांचा दिवस

सकाळी सात

कॉलेज दहाला उघडतं, पण शिष्यवृत्तीचं टेबल घरातच सुरू होतं. चहा गॅसवर असताना मोबाइल बघितला की रात्रीतून आलेले निरोप दिसतात. ‘मॅडम, सेंड बॅक आलाय.’ ‘मॅडम, अंडर स्क्रुटिनी म्हणजे रिजेक्ट का?’ ‘मॅडम, लास्ट डेट वाढली का?’ हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि त्याचं उत्तर मी मुद्दामच देत नाही. तारीख बहुतेक वर्षी वाढते. पण ‘वाढंल की’ म्हणून जी पोरं निवांत होतात, ती वाढलेल्या तारखेच्या आदल्या रात्रीच जागी होतात, आणि त्या रात्री सगळ्या महाराष्ट्रातली निवांत पोरं एकदम लॉगिन करत असतात.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात लिपिक आहे. कला, वाणिज्य, विज्ञान, आणि जोडीला विनाअनुदानित बीसीए. डिसेंबर चालू आहे. दसरा-दिवाळी झाली की इथल्या ऊसतोडीच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, सातारा, थेट कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परतत नाहीत. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शिकणारी पोरं. शिष्यवृत्तीच्या अर्जांचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम एकच पडतो. अर्जाला जे जे लागतं, बापाचा फोन, बापाची सही, बापाच्या उत्पन्नाचा दाखला, ते सगळं तेव्हा कुठल्या तरी उसाच्या फडात असतं.

डबा भरून होईपर्यंत मी लॅपटॉपवर क्लार्क लॉगिन उघडून घेते. ज्यांना ही साखळी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. राज्य सरकारच्या बहुतेक शिष्यवृत्त्या २०१७ पासून महाडीबीटी या एकाच पोर्टलवर आल्या. विद्यार्थी अर्ज भरतो, तो आधी माझ्या लॉगिनला येतो, मी कागद तपासून प्राचार्यांच्या लॉगिनला पाठवते. तिथून पुढे प्रवर्गाप्रमाणे वाटा फुटतात: अनुसूचित जातीचा अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे, आदिवासी मुलांचा प्रकल्प कार्यालयाकडे, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांचा इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडे, खुल्या गटातला उच्च शिक्षणाच्या सहसंचालकांकडे. यातल्या कुठल्याही टेबलावर खोट निघाली तर अर्ज मुलाच्या लॉगिनला परत जातो. हाच तो सेंड बॅक.

लोकांना वाटतं, शिष्यवृत्ती बुडते ती अर्ज नामंजूर झाल्यामुळे. माझ्या टेबलावरून तसं दिसत नाही. नामंजूर अर्ज थोडेच असतात आणि त्यांना निदान कारण लिहिलेलं असतं. बुडतात ते परत आलेले अर्ज. ते मुलाच्या लॉगिनमध्ये पडून राहतात, कारण मुलाने ते पुन्हा उघडलेलंच नसतं. अर्ज नेट कॅफेत भरला, पासवर्ड कॅफेवाल्याने ठेवला, निरोपाचा एसएमएस बापाच्या फोनवर गेला. वर्ष संपतं, पोर्टल बंद होतं. कुणी नाही म्हटलेलं नसतं, आणि पैसेही आलेले नसतात.

सव्वादहा

मामांनी खिडकी उघडायच्या आत रांग लागलेली असते. मामा म्हणजे आमचे शिपाई. नोकरीची तीस वर्षं झालेला हा माणूस कुठल्या फाइलीत कोणता कागद कमी आहे हे मुलाच्या चेहऱ्यावरून सांगतो. ‘तू उत्पन्नाचा मागच्या वर्षीचा आणलास ना? जा सेतूत, मग ये.’ दहातल्या आठ वेळा मामा बरोबर असतात.

उत्पन्नाचा दाखला हा या कामातला सगळ्यांत नाजूक कागद. तलाठ्याचा अहवाल, मग तहसीलदारांची डिजिटल सही, खाली बारकोड. तो क्रमांक पोर्टलवर टाकावा लागतो. दाखल्यावर ‘३१ मार्चपर्यंत वैध’ असं छापलेलं असतं. तरी पोरं जुनाच दाखला चढवतात, कारण घरात प्लॅस्टिकच्या पिशवीत तोच असतो. नवीन काढायचा तर बाप पाहिजे. तो नसेल तर आजोबाला घेऊन पोरगं तहसीलला फिरतं.

आणि आकडा. पाच एकर कोरडवाहूवाल्याच्या दाखल्यावर जो आकडा येतो, तो तलाठ्यालाही ठाऊक असतो, तहसीललाही, मलाही. टोळीत मिळालेली उचल त्यात कुठेच नसते, आणि ती फेडायची बाकीही नसते. मी त्यावर काही बोलत नाही. ज्याचं उत्पन्न खरोखर मोजता येतं असा एकच माणूस या तालुक्यात आहे, पगारदार. त्याच्याकडे फॉर्म १६ असतो आणि त्याचं पोर मर्यादेच्या दोन-चार हजारांनी बाहेर पडतं. अनुसूचित जातीच्या मुलांना भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अडीच लाखांची मर्यादा आहे. त्यावर गेलं की निर्वाहभत्ता जातो, फ्रीशिपमधून फी तेवढी सुटते. खुल्या गटाला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी आठ लाख. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या गरिबीची फूटपट्टी इतकी वेगळी का, हे मला कुणी विचारलं तर मी ‘जीआर वाचा’ म्हणते. खरं उत्तर जीआरमध्ये नाही, पण रांगेत चर्चा करत बसता येत नाही.

साडेअकरा

बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची मुलगी. फाइल नीट लावलेली, कागदांना पंच मारून दोरा. अशी फाइल बघितली की मला आधी धास्तीच वाटते, कारण इतकं नीट लावलेल्या पोरीला ‘परत जा’ म्हणणं जास्त अवघड.

तिच्या बापाचं नाव शाळा सोडल्याच्या दाखल्यावर बाबासाहेब. आधारवर बाबा. रेशन कार्डावर बाबुराव. तिघेही एकच गृहस्थ, तिला त्यात काही वावगं वाटत नाही, आणि गावातही कुणाला वाटणार नाही. बारशाला एक नाव ठेवतात, शाळेत मास्तर दुसरं घालतात, रेशनवाला तिसरं लिहितो. आजपर्यंत या तिन्ही नावांची गाठ पडायचं कारणच नव्हतं. पोर्टलने ती पाडली. जातीचा दाखला शाळेच्या नावावर, उत्पन्नाचा दाखला आधारच्या नावावर.

‘मॅडम, एकच हायेत ते.’

‘मला माहीत आहे बाळा. बीडला बसलेल्या माणसाला माहीत नाही.’

यावर उपाय असतात. एकाच व्यक्तीची ही नावं आहेत असं प्रतिज्ञापत्र, नाहीतर आधारमध्ये दुरुस्ती. आधारची दुरुस्ती करायला बाप स्वतः, बोटाच्या ठशासह, केंद्रावर हजर पाहिजे. आणि ऊसतोड करणाऱ्याच्या बोटाचे ठसे मशीनवर उमटतातच असं नाही. कोयत्याने आणि पाचटाने हाताची कातडी सोलवटलेली असते. चार-चार वेळा बोट पुसून दाबतात, यंत्र लाल दिवा दाखवतं. म्हणून मी तिला प्रतिज्ञापत्राचा रस्ता सांगितला. नमुना माझ्याकडे टाइप करून ठेवलेला आहे. तिने तो फोटो काढून घेतला, दोरा पुन्हा नीट बांधला आणि गेली. ती येईल. दोरा बांधणाऱ्या पोरी परत येतात.

साडेबारा

दुपारच्या आतला हा तास बँकेच्या भानगडीत जातो, आणि यावर मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण मुलांना, पालकांना, एवढंच काय काही प्राध्यापकांनाही हे उमगलेलं नाही.

एक मुलगा येतो. मागच्या वर्षीचा अर्ज मंजूर, पैसे वितरित झाले असं पोर्टल सांगतं, पासबुकात काही नाही. बँकेत गेला, बँक म्हणाली आधार लिंक आहे. पुन्हा गेला, पुन्हा तेच. बँक खोटं बोलत नाही. खात्याला आधार जोडलेलं असणं ही एक गोष्ट, आणि ‘या आधार क्रमांकाचे सरकारी पैसे या बँकेत टाका’ अशी नोंद राष्ट्रीय भुगतान निगमाच्या नकाशावर असणं ही दुसरी. पहिली केवायसीसाठी. दुसरीला सीडिंग म्हणतात. माणसाची खाती पाच असोत, पाचही आधारला जोडलेली असोत, सीडिंग एकाच बँकेचं असतं, जे सगळ्यांत शेवटी झालं तिचं. सरकार खाते क्रमांक बघून पैसे टाकत नाही, आधार क्रमांकावर टाकतं. अर्जात कुठल्याही पासबुकाची झेरॉक्स जोडा, पैसे सीडिंगच्या मागे जातात.

मी आधारच्या संकेतस्थळावर त्याचं बँक सीडिंग स्टेटस उघडलं. ओटीपी त्याच्याच फोनवर आला, हे त्याचं भाग्य. पडद्यावर एका वेगळ्याच बँकेचं नाव आलं.

‘ही कुठली बँक?’

‘मला न्हाई माहीत मॅडम. माझं खातं तर गावातल्या बँकेत हाये.’

‘मागच्या दोन वर्षांत सिमकार्ड घेतलंस कुठे? अंगठा दिला होतास?’

तो थांबला. बाजारच्या दिवशी छत्री लावून बसलेल्या माणसाकडून घेतलं होतं. दोन वेळा अंगठा घेतला होता, ‘पहिला नीट आला न्हाई’ म्हणून. दुसऱ्या अंगठ्यात त्याचं एक खातं उघडलं गेलं होतं. पैसे हरवले नव्हते, त्याच्या नावावर त्याला माहीत नसलेल्या खात्यात सुरक्षित होते. त्या खात्याची शाखा म्हणजे एक किराणा दुकान निघालं. तिथून पैसे काढून झाले की गावातल्या बँकेत सीडिंगचा संमती अर्ज भरून द्यायचा, पोच घ्यायची, आणि आठ दिवसांनी पुन्हा स्टेटस बघायचं. मी त्याला कागदावर तीन ओळींत लिहून दिलं: काउंटरवर ‘लिंक’ म्हणू नको, ‘डीबीटीसाठी सीडिंग’ म्हण. योग्य शब्द तोंडात असला की काउंटरच्या पलीकडचा माणूस मान वर करून बघतो. हे शब्द कुठल्याच अभ्यासक्रमात नाहीत. ज्याच्या घरात कुणी नोकरदार आहे त्याला ते जेवताना ऐकून माहीत होतात. बाकीच्यांना माझ्या खिडकीपर्यंत यावं लागतं, आणि माझी खिडकी जिथे नाही तिथे काय होत असेल ते मी शेजारच्या तालुक्यातल्या नातेवाइकांच्या फोनांवरून ओळखते.

दीड

डबा. शेजारच्या टेबलावर ‘कमवा आणि शिका’तला ग्रंथालयाचा मुलगा पुस्तकांना लेबलं लावतोय. कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव भाषणात सगळे घेतात, पण माझ्या मते त्यांच्या कल्पनेतली खरी गंमत वेगळीच आहे: काम झालं की तासांचा हिशेब होतो आणि पैसे त्या महिन्याच्या आसपास मिळतात. कागदही एकच लागतो, हजेरीचा.

सव्वादोन

दोघी मैत्रिणी एकत्र आल्या. दोघीही बीसीए पहिल्या वर्षाला, दोघीही ओबीसी, दोघींच्या घरचं उत्पन्न आठ लाखांच्या कितीतरी खाली.

जुलै २०२४ मध्ये सरकारने निर्णय काढला: व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आधी ही सवलत निम्मी होती. निर्णय चांगला आहे, त्यात दुमत नाही. पण गावात पोचेपर्यंत त्याचं ‘मुलींना सगळं कॉलेज फुकट’ असं झालं. बी.ए.ची मुलगी येऊन विचारते, मला का नाही? कारण बी.ए. व्यावसायिक नाही. वसतिगृहाचं काय? ते यात नाही. बसपासचं? तो एसटीचा विषय.

आणि या दोघींची गोष्ट तर फारच बारीक. बीबीए-बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले, त्यांना सीईटी आणि कॅप राउंड लागू झाले. एकीने सीईटी दिली, कॅपमधून प्रवेश घेतला. तिची फी माफ. दुसरीने सीईटी दिली होती, पण कॅपची नोंदणी करायच्या आठवड्यात आजी दवाखान्यात होती, नोंदणी राहिली. नंतर रिकाम्या जागेवर संस्था पातळीवर प्रवेश घेतला. तिला सवलत नाही. वर्ग तोच, बाक तोच.

मी तिला हे सांगितलं तेव्हा ती रडली वगैरे नाही. तिने विचारलं, ‘म्हणजे मी एक फॉर्म कमी भरला म्हणून?’

हो. म्हणूनच. मी तिच्यासमोर दुसऱ्या वाटा मांडल्या: संस्थेकडे हप्ते पाडून मागायचे, ते लेखी घ्यायचे. शैक्षणिक कर्जाला विद्यालक्ष्मी पोर्टल आहे, पण कर्ज शेवटी फेडायचं असतं, हे तिच्या घरी आधी बोलून घ्यावं. तिने सगळं वहीत लिहिलं. जाताना मैत्रीण तिची बॅग धरून उभी होती आणि आपल्याला माफी मिळाली याचीच तिला लाज वाटत असावी असं दिसत होतं.

मुलांना प्रवेशाआधी हे कुणी सांगत नाही, प्रवेश झाल्यावर आम्ही सांगतो. जून महिन्यात बारावीच्या वर्गावर जाऊन तासभर शिष्यवृत्तीवर बोलायची परवानगी मी दर वर्षी मागते. बोलायला मिळतं ते करिअरवाल्यांना.

साडेतीन

रांग ओसरली की जुनी कपाटं. समाजकल्याणने मागवलेली एक जुनी नोंद शोधताना वाटपाची रजिस्टरं हाती लागतात. तेव्हा पैसे कॉलेजकडे यायचे, मुलं रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही करून घ्यायची, आम्ही बी स्टेटमेंटचे गठ्ठे बांधून जिल्ह्याला न्यायचो. ते दिवस चांगले होते असं म्हणणारे माझ्या पिढीत पुष्कळ आहेत. मी म्हणत नाही. त्याच काळात राज्यात काही संस्थांनी कागदावरची पोरं दाखवून पैसे उचलले, चौकशीला विशेष पथक नेमावं लागलं. पैसे थेट खात्यात टाकायची पद्धत उगीच आली नाही. पूर्वी मधला माणूस पैसे खायचा. आता मधला माणूस नाही, आणि अडलं तर विचारायलाही कुणी नाही.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. त्यांना स्वतःला १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी कोलंबियाला जाण्यासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड दिले, त्या बदल्यात बडोद्याची नोकरी करायचा करारही लिहून घेतला. करार कडक होता. पण पैसे शिक्षण चालू असताना, महिन्याच्या महिन्याला होते, हे मला महत्त्वाचं वाटतं. आमच्या मुलांचा निर्वाहभत्ता पुष्कळदा परीक्षा होऊन गेल्यावर येतो. निर्वाह तोवर झालेलाच असतो, कसा ते विचारू नये. आणि घराघरात ज्याला अजून ‘ईबीसीचा फॉर्म’ म्हणतात ती फीमाफी यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीतली. त्या फॉर्मवर शिकलेली माणसं आज आमच्या संस्थेत विभागप्रमुख आहेत आणि ‘या पोरांना सगळं फुकट लागतं’ असंही तीच म्हणतात.

साडेचार

हिशेब विभागातून बोलावणं. फीची थकबाकी. हा दिवसातला मला सगळ्यांत नावडता भाग.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०, असं प्रमाण डिसेंबर २०२० मध्ये ठरलं. केंद्राचा वाटा फीसकट थेट मुलाच्या खात्यात येतो. त्याने तो आठवड्याच्या आत कॉलेजात भरायचा, असं हमीपत्र त्याच्याकडून घेतलेलं असतं. कागदावर हे सरळ आहे. प्रत्यक्षात ज्या घरात एका वेळी दहा-पंधरा हजार कधीच येत नाहीत, तिथे ते एका सकाळी येतात. त्याच सकाळी सावकार, बियाणं, आईचा गुडघा, बहिणीचं बाळंतपण, यातलं काहीतरी दारात उभं असतंच.

बीसीएचा तिसऱ्या वर्षाचा मुलगा समोर उभा होता. पैसे आले होते, आईच्या ऑपरेशनला गेले. हिशेबवाले म्हणाले, परीक्षा फॉर्मवर सही नाही. त्यांचंही खोटं नाही. विनाअनुदानित विभागातल्या शिक्षकांचे पगार याच फीतून होतात आणि तेही दोन महिने मागे आहेत. मी मुलाला घेऊन प्राचार्यांकडे गेले. तीन हप्ते ठरले, पहिला परीक्षेच्या आधी, सही मिळाली. बाहेर आल्यावर तो म्हणाला, ‘मॅडम, लोक म्हणतात शिष्यवृत्ती उडवली.’ तो कुठल्या लोकांबद्दल बोलत होता हे मला कळलं. त्यातले दोघे आतच बसले होते.

साडेपाच

प्राचार्यांचं लॉगिन. सर चांगले आहेत, पण एकेक अर्ज उघडून वाचायला लागले की माझी शेवटची बस जाते. म्हणून मी तपासलेल्या अर्जांची यादी छापून नेते, शंकेच्या अर्जांवर खूण करते, सर तेवढेच नीट बघतात. आज एका अर्जावर थबकले. पुण्याला पदव्युत्तरला गेलेल्या आमच्या जुन्या मुलीचा बोनाफाइडचा अर्ज त्यात चुकून आला होता. तिला तिथे शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, म्हणून तिने स्वाधार योजनेत अर्ज केलाय. पुणे-मुंबईसारख्या शहरांत त्यात वर्षाला ६०,००० मिळतात: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. सर म्हणाले, ‘पुण्यात वीस हजारांत वर्षभर राहायला मिळतं?’ मी म्हटलं, ‘कॉट मिळते सर, तीही चौघींत.’ सरांनी सही केली आणि पुढचा अर्ज उघडला.

रात्री साडेआठ

भाकरी झाल्या, आवराआवर बाकी. सकाळपासून यादीत वर ठेवलेला एक फोन आता लागणार.

बी.ए. पहिल्या वर्षाचा मुलगा, अनुसूचित जाती प्रवर्ग. अर्ज सेंड बॅक, कारण जुना उत्पन्न दाखला. नवीन दाखला आजोबाच्या मदतीने निघाला, पण पासवर्ड नेट कॅफेत राहिला आणि कॅफेवाला दुकान बंद करून पुण्याला गेला. नवीन पासवर्डला ओटीपी लागतो. ओटीपी बापाच्या नंबरवर. बाप सांगलीकडच्या एका कारखान्याच्या तळावर, पहाटे तीनला फडात, संध्याकाळी गाडी खाली करून कोपीवर. दिवसा फोन बंद.

मी कॉन्फरन्सवर दोघांना घेतलं. मुलगा गावात घराच्या माळवदावर चढला होता, तिथेच रेंज येते. बापाकडून टायरांचे, माणसांचे, कुणाच्या तरी रेडिओचे आवाज येत होते.

‘भाऊ, आता एक मेसेज येईल. त्यातले आकडे फक्त वाचून दाखवा.’

‘वाचता येत न्हाई ओ ताई. थांबा, मुकादमाचं पोरगं हाये.’

ओटीपी कुणालाही सांगू नका, असं बँका जाहिरातीतून ओरडून सांगतात. आमच्या तालुक्यातल्या निम्म्या शिष्यवृत्त्या ओटीपी सांगण्यावरच चालल्यात. पहिला ओटीपी मुकादमाचं पोरगं येईस्तोवर मेला. दुसरा त्याने उलटा वाचला. तिसऱ्याला लॉगिन उघडलं. मुलाने माळवदावर बसून नवीन दाखला चढवला, बारकोड टाकला, मी मागून एकेक आकडा म्हणवून घेतला, आणि अर्ज पुन्हा माझ्या लॉगिनला आला. तिथेच लॅपटॉपवर बघितला, बरोबर होता.

‘ताई, किती येतील?’ बापाने विचारलं.

‘भत्ता वर्षाचा तीन हजार. घरून येऊन-जाऊन शिकणाऱ्या बी.ए.च्या मुलाला तेवढाच आहे. फी वेगळी सुटते.’

‘तीन हजार.’ तो मोजत असावा. एका कोयत्याच्या किती टनांचे ते, हे मलाही आता तोंडपाठ सांगता येतं. ‘बरं. आन् बारकी अकरावीला हाये, तिचा फॉर्म झालाय का?’

मुलाला माहीत नव्हतं. बारकीचं ज्युनिअर कॉलेज वेगळं, माझ्याकडे तिचं काहीच येत नाही. अकरावीलाही भत्ता आहे, अडीच हजार. आणि तिच्या आधारलाही हाच नंबर जोडलेला.

‘भाऊ, उद्या रात्री याच वेळेला फोन चालू ठेवा.’

‘उद्या न्हाई, उद्या गाडी रातच्याला भरायचीय. परवा ठेवतो.’

मी मुलाला म्हटलं, परवा बहिणीला आणि तिची फाइल घेऊन ये, जातीचा दाखला, दहावीची मार्कशीट, उत्पन्नाचा हाच नवीन दाखला चालेल. तो म्हणाला, मॅडम, ती आपल्या कॉलेजची नाही. मी म्हटलं, माहीत आहे, साडेपाचनंतर ये, आणि येताना तिच्या बँकेचं पासबुकही आण, सीडिंग आधी बघून घेऊ.